उभ्या गाडीतले शनिवार

"मॅडम, आपकी गाड़ी सज के खड़ी है. बारह बजे का मुहूर्त है. आप कहाँ तक पहुँचीं?"

सोमवारची सकाळ होती. गुडगावचं ऑफिस, समोर अर्धवट भरलेला रिपोर्ट, आणि फोनवर द्वारकेच्या शोरूममधला हा माणूस.

"कौनसी गाड़ी?" मी ओरडलेच. "मेरी गाड़ी तो अगले महीने है!"

पलीकडून अगदी हळू आवाजात, "मॅडम, आपने ही तो बोला था. कार्तिक कृष्ण पंचमी. आज ही है."

साहेबांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, पर्स उचलली आणि भांडायला निघाले. मी तनया. वय एकतीस, गाव पुणे, मुक्काम द्वारका सेक्टर बारा, सहावा मजला, एकटी. तीन वर्षं झाली होती दिल्लीत येऊन. लिफ्टमध्ये 'हॅलो जी', ऑफिसात 'हाय', आणि संध्याकाळी बाबांचा फोन, एवढंच माझं बोलणं. त्यामुळे भांडायची संधी मिळाली की खरं सांगते, मला जरा बरंच वाटायचं.

शोरूमच्या काचेआड माझी गाडी उभी होती. पांढरी, लहानशी, नाकावर लाल रिबनचा भलामोठा बो. शेजारी तबकात नारळ आणि लाडवांचा डबा. आणि किल्ली हातात धरून तो... उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या, चेहरा मात्र परीक्षेचा पेपर चुकल्यासारखा.

मी हिंदीत सुरुवात केली. पण रागात माझी हिंदी पाच मिनिटांवर टिकत नाही.

"एवढं साधं काम सांगितलं, तेही धड करता येत नाही मेल्यांना!" मी स्वतःशीच पुटपुटले.

"सगळ्यांना नका शिव्या घालू," तो मराठीत म्हणाला. "नोट मी एकट्यानेच केलं होतं."

माझं तोंड उघडंच राहिलं. मग मी त्याच्या खिशावरची पट्टी वाचली. अंशुमन टिपणीस.

"तुम्ही मराठी?"

"आहे की. थोडा जंग लागलाय, पण आहे."

चूक कशी झाली ते आम्ही दोघांनी मिळून शोधून काढलं. माझ्या बाबांनी, म्हणजे राजाभाऊंनी, गाडी आणायला कार्तिक वद्य पंचमी काढली होती. त्या दिवशी ते स्वतः पुण्याहून येणार होते, अकरा नोव्हेंबरचं रिझर्वेशनसुद्धा झालं होतं. मी मोठ्या तोऱ्यात 'वद्य'चं 'कृष्ण' करून शोरूमला कळवलं आणि फोन ठेवला. तारीख सांगायची मला गरजच वाटली नाही. तिथी सांगितल्यावर तारीख कशाला? आणि अंशुमनने मॅनेजरच्या टेबलावरचं हिंदी पंचांग उघडून बघितलं. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेलाच. कोजागिरी झाली, की दुसऱ्या दिवशी यांचा कार्तिक सुरू. आपल्याकडे त्याला अजून एक दिवाळी जायची असते.

"मला माहीत असायला हवं होतं," तो म्हणाला. "आजी होती तोवर घरी आपलं कॅलेंडर यायचं. आता कोण आणणार..."

"आणि मला तारीख सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं. मी कधी चूक कबूल करत नाही.

बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "दिवस बदलायचा नाही. मी येईपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. तुझी आई असती, तर तिनेही हेच सांगितलं असतं." आईचं नाव आलं की मी वाद घालत नाही.

आता आली का पंचाईत! गाडी माझी, कागद माझ्या नावावर, आणि न्यायची महिन्याने. धनत्रयोदशी तोंडावर, शोरूमला पाय ठेवायला जागा नाही. मॅनेजर लालबुंद झाला. अंशुमनने त्याला बाजूला नेलं, काय बोलला कोण जाणे, आणि परत येऊन म्हणाला, "मागच्या यार्डात उभी राहील. माझ्या जबाबदारीवर. पण एक विचारू? गाडी चालवता येते ना तुम्हाला?"

"लायसन्स आहे."

"ते मी नाही विचारलं."

लायसन्स काढून सात वर्षं झाली होती आणि तेव्हापासून मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"मग शनिवारी या," तो म्हणाला. "सुट्टी असते ना? उभ्या गाडीत शिकवतो. उभ्या गाडीत कोणी मरत नाही, मॅडम."

पहिल्या शनिवारी मी निळा कुर्ता घातला, मग बदलला, मग परत तोच घातला. यार्ड म्हणजे शोरूममागची भिंत घातलेली जागा. प्लास्टिक पांघरलेल्या चाळीसेक गाड्या दाटीवाटीने उभ्या, आणि कोपऱ्यात माझी. त्याने आधी मला गाडीभोवती एक चक्कर मारायला लावली. टायर बघा, खाली तेल सांडलंय का बघा, आणि बॉनेटवर दोन थापा मारा.

"थापा कशाला?"

"थंडी सुरू झाली की मांजरं इंजिनच्या उबेला आत जाऊन बसतात. उठवायचं त्यांना. आणि न रागावता उठवायचं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी बसले. पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. त्याने सीट पुढे घ्यायला शिकवलं, उंची वाढवायला शिकवलं. मग आरसे. बाजूच्या आरशात आपल्या गाडीची जेमतेम एक कड दिसावी, बाकी सगळा रस्ता. मधल्या आरशात मागची पूर्ण काच. मी तो आरसा फिरवत होते, तर त्यात मागच्या काचेऐवजी शेजारी बसलेला अंशुमनच दिसायला लागला.

"हे बरोबर नाही," तो म्हणाला.

"मला तर स्पष्ट दिसतंय."

"मॅडम... मागून ट्रक आला तर?"

"यार्डात कुठला ट्रक?"

त्याचे कान लाल झाले. मी आरसा सरळ केला, पण फार घाई केली नाही.

मग ती स्क्रीन. चालू केली तर आपली जाहिरातच दाखवत सुटली. डोंगर, समुद्र, हसणारं कुटुंब. हसणाऱ्या कुटुंबाचा मला त्या दिवसांत फार राग यायचा. "शोरूमसाठीचा डेमो आहे," म्हणून त्याने तो बंद केला. घड्याळ लावलं. अंतर मैलांत होतं, ते किलोमीटर केलं. प्रकाश दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. "रात्री कमी ठेवा, नाहीतर स्क्रीन दिसते आणि रस्ता दिसत नाही." भाषेच्या यादीत इंग्रजी होती, हिंदी होती.

"मराठी नाही?" मी विचारलं.

"कंपनीला कुठे माहीत होतं, तुम्ही येणार आहात ते?"

इतकं साधं वाक्य, पण मेट्रोत बसल्यावर मी ते तीन वेळा आठवलं. चौथ्यांदा आठवताना समोरच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या.

दिवाळी आली. सोसायटीभर माळा लागल्या, गच्चीवर डीजे लागला, माझ्या दाराला कुणीतरी सुक्यामेव्याचा डबा अडकवून गेलं, आत नाव वेगळ्याच फ्लॅटचं. मी तो त्या फ्लॅटवर नेऊन दिला. त्यांनी 'थँक यू जी' म्हणून दार लावून घेतलं. मी वर आले, पाकिटातल्या दोन चकल्या खाल्ल्या आणि बाल्कनीत उभी राहून ढसाढसा रडले. धूर इतका होता, की कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, धुराने डोळे चुरचुरतायत. पण विचारणार कोण?

पाडव्याच्या दिवशी मी यार्डावर गेले. शोरूम बंद असणार हे माहीत होतं. का गेले ते विचारू नका. फाटक अर्धं उघडं होतं आणि आत तो एका गाडीतून उतरत होता, दुसरीत चढत होता.

"तू आज इथे?" 'तू' कधी झालं ते मला कळलंच नाही.

"उभ्या गाड्या आठवड्यातून एकदा दहा मिनिटं स्टार्ट कराव्या लागतात. नाहीतर बॅटरी उतरते. बाकीच्यांना मुलंबाळं आहेत, म्हणून मी ड्यूटी घेतली." तो थांबला. "तुझ्या गाडीची बाकी आहे. बसतेस?"

आम्ही बसलो. इंजिन हळू गुरगुरत होतं. बाहेर करडा, धुरकट उजेड. त्याने सांगितलं, आजोबा सरकारी नोकरीत दिल्लीला आले, करोलबागेत राहिले, आता आई-बाबा आणि तो गाझियाबादच्या वैशालीत. रोज वैशालीहून द्वारकेपर्यंत मेट्रो, ब्लू लाइनचं हे टोक ते ते टोक. सात वर्षांत हजारभर गाड्या त्याने लोकांसाठी तयार केल्या होत्या. स्वतःची नव्हती.

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. गाडी देताना लोक फोटो काढतात. सगळं खानदान उभं राहतं. मीच काढून देतो तो फोटो." तो हसला. "मग ते जातात, आणि मी पुढच्या गाडीची सीट पुसायला घेतो. यार, एकटं-एकटं वाटतं कधी कधी. तुला नाही वाटत?"

मी पुण्याची. 'मला? छे!' हे माझ्या ओठांवर तयारच असतं. पण मी म्हटलं, "रोज वाटतं."

त्याने स्क्रीनवर नकाशा उघडला आणि विचारलं, "घराचा पत्ता भरायचा राहिलाय. काय टाकू?"

"रिकामा ठेव."

"खाली कसा ठेवणार? परत कुठे येणार तू?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि आवाज फुटलाच. "पुण्याला घर आहे, तिथे आई नाही. इथे फ्लॅट आहे, तिथे कोणीच नाही."

त्याने बोट स्क्रीनवर ठेवलं. मग हळूच म्हणाला, "सेक्टर बारा टाकतो. नाही आवडलं तरी रस्ता माहीत पाहिजे." आणि एकेक अक्षर दाबत त्याने माझा पत्ता भरला. त्याला तो पाठ होता. कागदपत्रांवर वाचला असेल म्हणा, पण फ्लॅट नंबरसकट?

दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. इंजिन बंद करताना तो म्हणाला, "एक सांगायचं होतं. माझी बदली झालीय. ट्रेनिंग सेंटरला, शिकवायला. दोन वर्षं. सतरा तारखेला हजर व्हायचंय."

"कुठे?"

"पुण्याला."

मला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला, की काय सांगू! म्हणजे मी पुणं सोडून इथे येऊन कुढत बसायचं, आणि तीन वर्षांत जो एक माणूस भेटला, तो उठून पुण्याला जाणार!

"अभिनंदन," मी म्हटलं. "पेढे वाट." आणि दार आपटून निघून गेले.

पुढच्या शनिवारी मी गेले नाही. दिवसभर कपाट आवरलं. फोन चार वेळा वाजला, चारही वेळा तोच होता, आणि चारही वेळा मी फोनकडे बघत बसले. त्याला विचारायचं होतं ते एकच... जाऊ नकोस म्हटलं, तर थांबशील? पण विचारणं म्हणजे मागणं. आणि आई गेल्यावर मी ठरवून टाकलं होतं, कुणाकडे काही मागायचं नाही. मागितलेलं मिळत नाही तेव्हा फार लागतं.

त्यानंतरच्या शनिवारी मात्र पाय आपोआप यार्डाकडे वळले. तो फाटकातच उभा होता.

"मला वाटलं, तू दुसऱ्या कुणाकडून शिकतेस."

"दुसरा कोण आहे?"

आम्ही बदलीबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा गाडी हलवली. भिंतीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून भिंतीपर्यंत. पंधरा वेळा बंद पाडली. तो एकदाही ओरडला नाही. "क्लच हळू सोड, बिल्कुल हळू... घाई नाहीये आपल्याला," म्हणाला. पण घाई होती. आठवडाच उरला होता.

अकरा तारखेला बाबा आले. बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मॅनेजरही जरा हसला एकदाचा. फोटोची वेळ आली तसा अंशुमन सवयीने फोन घेऊन समोर गेला.

"अहो, तुम्ही कुठे चाललात?" बाबा म्हणाले. "त्या साहेबांना काढू द्या फोटो. महिनाभर गाडी सांभाळली कोणी?" आणि हाताला धरून त्याला माझ्या शेजारी उभं केलं.

बाबांना काय दिसलं, कसं दिसलं, मला माहीत नाही. पण अंशुमन पुण्याला चाललाय हे कळल्यावर ते लगेच म्हणाले, "मग माझ्याबरोबरच चला की, शनिवारच्या ट्रेनने. डबा मी घेतो. पुण्यात नीट जेवायला कुठे मिळतं ते तुम्हाला कोण सांगणार?"

"हो काका," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी किल्लीकडे बघत होते.

शनिवारी दुपारी मी त्या दोघांना निझामुद्दीन स्टेशनला सोडायला निघाले. माझी पहिली लांबची फेरी. ज्याने मला गाडी शिकवली, त्यालाच पोचवायला! नशिबाला काही लाजच नाही. अंशुमन शेजारी, बाबा मागे. धौलाकुआंच्या गर्दीत मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते, तो मात्र एकही सूचना देत नव्हता.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"सगळं बरोबर चाललंय. काय बोलू?"

मागून बाबांचा खोकला ऐकू आला.

स्टेशनच्या दाराशी प्रवासी उतरवायची रांग. दोन मिनिटांवर थांबू देत नाहीत. बाबा झटकन उतरले, सामान काढलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी हमाल बघतो. अंशुमन, तू ये मागून. सावकाश." सावकाश! मागे वीस गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

तो पट्टा काढत होता. आता उतरेल. मग दार लागेल. मग झालं.

"अंशुमन..."

"हं?"

"मी कुणाकडे काही मागत नाही."

"माहीत आहे."

"चलो मॅडम, गाड़ी आगे लो!" पोलीस शिट्टी फुंकत आला.

"दो मिनट, भैया!" मी काच खाली करून ओरडले, काच वर केली आणि डोळे मिटून बोलून टाकलं, "मला तू हवायस. मला तू आवडतोस आणि मला तू हवायस. नोकरी सोड म्हणत नाही, मीही सोडणार नाही. पण हे न सांगता तू गेलास, तर मी परत गप्प बसायला लागेन, आणि आता मला ते जमणार नाही."

मी डोळे उघडले. तो रडत होता. उंचापुरा माणूस, मांडीवर बॅग घेऊन, शाळेतल्या पोरासारखा रडत होता.

"मी पाडव्यालाच विचारणार होतो," तो म्हणाला. "तू दार आपटून गेलीस."

"मग मागून यायचं होतंस!"

"घाबरलो, यार. तू पुण्याची... मला वाटलं, माझं हे मोडकं मराठी, मेट्रोने फिरणारा माणूस..." त्याने माझा गिअरवरचा हात उचलला आणि स्वतःच्या गालाला लावला. "तनया, तू मला पहिल्या दिवसापासून आवडतेस. इतकं कोणी माझ्याशी मनापासून भांडलंच नव्हतं. दोन वर्षं आहेत. थांबशील?"

"थांबेन."

"दोन वर्षं म्हणजे खूप असतात."

"मी थांबेन म्हटलं ना? वाद घालू नकोस."

पोलिसाने काचेवर टकटक केली. अंशुमन हसत, डोळे पुसत उतरला. दार लावलं, परत उघडलं, वाकून म्हणाला, "लेन बदलताना घाई करू नको," आणि परत लावलं. मला गाडी पुढे घ्यावीच लागली. मागे वळून त्याला बघताही आलं नाही, इतकी ती गर्दी, आणि मी इतकी नवशिकी.

स्टेशनच्या बाहेर पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली. मागचे हॉर्न, बाजूच्या रिक्षावाल्याचं बडबडणं, आणि शेजारची सीट रिकामी. फार एकटं वाटलं मला. यार्डातल्या एकाही शनिवारी वाटलं नव्हतं इतकं. मी रडले, नाक पुसलं, क्लच हळू हळू सोडला आणि गाडी निघाली. या शहरात तीन वर्षं मी कुणाचीच वाट बघितली नव्हती. त्या दुपारपासून बघायला लागले.